चांदणीच्या बुटाचे टाके

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. बाभळीचा नाही, तराजूचा नाही आणि घड्याळाचाही नाही. मी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायचा काटा, चमच्याचा सख्खा भाऊ. पण गंमत अशी की इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाच्या तोंडापर्यंत गेलो नाही.

एका कारखान्यात स्टीलच्या पत्र्यावर दणकन ठसा पडला आणि मी चार दातांसकट जन्माला आलो. मला घासून चकचकीत केलं आणि भावंडांबरोबर लाल मखमलीच्या पेटीत निजवलं. ती पेटी जालन्याच्या एका दुकानात बरेच दिवस काचेमागे होती. मग मंजुश्री नावाच्या मुलीच्या मामांनी ती तिच्या लग्नात आहेर म्हणून दिली आणि मी तिच्याबरोबर सासरी, बुलढाण्याजवळच्या धाड गावी आलो.

सासरी जेवायला माणसं जमिनीवर बसत. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यात माझं काय काम? पाहुणे आले की सोजराबाई, म्हणजे मंजुश्रीच्या सासूबाई, पेटी उघडून दाखवत. पाहुणे "वा!" म्हणत आणि पेटी पुन्हा बंद होई. अंधारात पडल्या पडल्या मी नेहमी विचार करी, माझे हे चार दात नक्की कशासाठी असतील?

पहिलं उत्तर मला एका दिवाळीत मिळालं. मैद्याच्या खाऱ्या पुऱ्या तळताना फुगू नयेत म्हणून मंजुश्रीनं मला बाहेर काढलं आणि लाटलेल्या पुऱ्यांवर टोचलं. दोन-चार पुऱ्या झाल्या आणि तिचा हात थांबला. तिनं एक पुरी उजेडाकडे धरली.

"आत्याबाई, पाहा नं, भोकं कशी सारख्या अंतरावर पडून राह्यली!"

"पडू दे की," सोजराबाई म्हणाल्या. "तेल तापलं. टाक लवकर."

मंजुश्री तशीच होती. तिला प्रत्येक गोष्ट आतून कशी आहे ते पाहायचं असे. ती एसटीत कंडक्टर होती आणि तिची नोकरी बुलढाणा-धाड गाडीवर होती. तिकीट देता देता ती प्रवाशांना हटकून विचारी, ही टोपली कशाची विणली, हा कुलूपवाला चावी कशी घडवतो, मधमाश्या मेण कुठून काढतात. लोक हसत, पण सांगतही.

एकदा तिच्या खांद्यावरच्या कंडक्टरच्या चामडी बॅगेचा पट्टा उसवला. दुसरी एखादी बाई ती बॅग दुरुस्तीला देऊन मोकळी झाली असती. मंजुश्रीनं मात्र ब्लेड घेतलं आणि उरलेली शिवणही उसवली. तिला दोरा आत कसा जातो ते बघायचं होतं. मग तिनं मोबाइलवर चामडं शिवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, पट्टा स्वतः शिवला आणि त्या दिवसापासून तिला चामड्याचा नाद लागला. चामडं कापायला रापी आली. भोकं पाडायला आरी आली. जाड दोरा आला, मेणाचा गोळा आला. पण टाके काही सरळ येईनात. व्हिडिओतली माणसं दातेरी अवजारानं आधी खुणा करत होती. ते अवजार तिच्याकडे नव्हतं.

तिला माझी आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बिलालच्या गॅरेजमध्ये नेलं. बिलाल मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, हे तं नूडल्स खायाचं हाये. याले काऊन बिघडवता?"

"बिघडवत नाई रे. कामाले लावते. वाक सरळ कर अन् दात टोकदार करून दे."

लोखंडी शिकंज्यात धरून त्यानं माझा बाक ठोकून काढला. मग ग्राइंडर फिरू लागला आणि माझ्या दातांतून ठिणग्या उडाल्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. पण काम झाल्यावर त्यानं माझं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि "सस्स" केलं, तेव्हा मला बरं वाटलं.

मंजुश्रीनं मला जे शिकवलं ते तुम्हालाही सांगतो. आधी चामड्याच्या कडेपासून सारख्या अंतरावर कर्कटकानं एक रेघ ओढायची. त्या रेघेवर मला उभं धरून लाकडी हातोडीचा ठोका द्यायचा. चार खुणा उमटतात. मग माझा पहिला दात शेवटच्या खुणेत ठेवायचा आणि पुन्हा ठोका. अशी खुणांची रांग पुढे जाते आणि एकही खूण इकडेतिकडे होत नाही. प्रत्येक खुणेतून आरी आरपार घालायची. दोऱ्याला मेण चोळून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. एकाच भोकातून एक सुई अलीकडून जाते, दुसरी पलीकडून येते, मग दोन्ही हातांनी ताण द्यायचा. मंजुश्रीनं पहिल्याच शिवणीतला एक टाका मुद्दाम कापला आणि कापलेला दोरा चिमटीनं ओढून पाहिला. शेजारचे टाके जागचे हलले नाहीत. ती एकटीच हसली.

मग चाव्यांचे पट्टे झाले, चष्म्याचं घर झालं, तिच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी पाकीट झालं. कडांना पाणी लावून ती काचेच्या बाटलीनं घासत बसे. कडा काळ्याभोर चमकायला लागल्या की बोट फिरवून बघे.

सोजराबाईंना मात्र हे पसंत नव्हतं. "घरात चामडं नको मले. देव्हारा हाये."

"मंदिरातला मृदंग कशाचा असते, आत्याबाई?"

"मृदंगाची गोष्ट न्यारी."

मंजुश्रीनं वाद वाढवला नाही आणि नादही सोडला नाही. ती मागच्या गोठ्यात एका खोक्यावर बसून काम करी. पावसात पत्रा गळे, मग ती खोकं सरकवी.

हळूहळू तिचा डोळा तयार झाला आणि माझं नशीब फिरलं. माझे दात जेवणासाठी घडलेले, त्यांच्यात अंतर बरंच. माझ्या खुणांवर पडणारे टाके लांब असत. व्हिडिओतले टाके तांदळाच्या दाण्यांसारखे बारीक आणि जवळजवळ दिसत. तिला आता तसे टाके हवे होते. तिचं लक्ष सोजराबाईंच्या शिलाई मशीनकडे जायला लागलं. काळी, पायानं चालवायची, सोनेरी वेलबुट्टीची मशीन. सोजराबाईंनी तिच्यावर आयुष्यभर गावातल्या बायकांची पोलकी शिवली होती. एकदा मंजुश्रीनं विषय काढला, तर सोजराबाईंनी मशीनवर झाकण घातलं. त्या झाकणाचा आवाजच उत्तर होता.

तरी माझे लांब टाके तिला आता नकोसे झाले होते, म्हणून मी पुन्हा पेटीत गेलो. आता बाक नसल्यामुळे मखमलीतल्या खाचेत नीट बसतही नव्हतो.

त्याच सुमारास चांदणीच्या पायात खिळा गेला.

चांदणी ही हबीबचाचांची पांढरी घोडी. हबीबचाचा म्हणजे बिलालचे वडील. धाडच्या आसपास लग्न असलं की नवरदेव चांदणीवर बसून यायचा. बँडचा कितीही गोंगाट असो, फटाके फुटोत, ती बिचकत नसे. हबीबचाचा तिच्या तोंडापुढे उलटे चालत आणि ती त्यांच्या डोळ्यांत बघत पाऊल टाकी. खिळा निघाला, पण खुराच्या आत पू झाला. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतीक्षा यांनी खूर तळातून कोरून पू काढला. जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली. पण घोडीचा पाय तो. गोणपाट बांधलं तर संध्याकाळपर्यंत झिजलं. प्लॅस्टिक बांधलं तर फाटलं. शेण, मूत, चिखल, सगळं जखमेत जाऊ लागलं.

"हे कोरडं राहिलं नाही तर पू आतल्या हाडापर्यंत जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "मग तिला उभं ठेवणंच कठीण. घोड्याच्या खुराचे बूट मिळतात, पण इथं यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपल्याकडे नाही."

बिलाल दुपारीच मंजुश्रीच्या दारात आला. "ताई, तुमी चामड्याचं करता नं? खुराचा बूट जमन काय?"

मंजुश्रीनं असा बूट कधी पाहिलाही नव्हता. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ती हबीबचाचांच्या तबेल्यात गेली. त्यांनी चांदणीचा पाय उचलून धरला, तिनं खुराखाली वर्तमानपत्र घातलं आणि पेनानं भोवती रेघ ओढली. खूर गोल नसतो, पुढे रुंद आणि मागे दोन टाचांसारखा असतो, हे तिला तेव्हा कळलं. ती तिथंच बसून कितीतरी वेळ तो खूर बघत राहिली.

"काय पाहता, ताई?" हबीबचाचांनी विचारलं.

"हे नखच हाये नं, चाचा? आपल्यासारखं?"

"हाव. नखच. वाढते बी तसंच, हळूहळू वरून खाली."

घरी येऊन तिनं सोजराबाईंना सगळं सांगितलं आणि मशीन मागितली. सोजराबाईंनी मशीनच्या झाकणावर हात ठेवला. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर, म्हणजे मंजुश्रीचा नवरा, चांदणीवरच बसून लग्नाला गेला होता.

"एकच बार," त्या शेवटी म्हणाल्या. "तेलपाणी तूच करायचं."

मंजुश्रीनं मशीनला जाड सुई लावली. चामडं मशीनच्या सुईजवळच्या, कापड दाबणाऱ्या पायाखाली चिकटत होतं, म्हणून तिनं पायाला खालून गुळगुळीत चिकटपट्टी लावली. पायडल न मारता हातानं चाक फिरवत तिनं एकेक टाका घातला. एक सुई मोडली, तिनं दुसरी घातली. वरच्या मऊ चामड्याला पातळ तळ शिवला, त्याखाली जाड चामड्याचा तुकडा चिकटवला, वर बक्कल लावलं. टाके इतके बारीक, इतके एकसारखे होते की सोजराबाईंनीही बोट फिरवून पाहिलं. मला हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिलालचा फोन आला. बूट गेला होता.

चांदणीनं माश्या उडवायला पाय आपटला आणि शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडली. दोरा शाबूत होता. चामडंच भोकांच्या रांगेवरून फाटलं होतं. कोणाच्या लक्षात येईपर्यंत आत चिखल भरला, आणि जखमेतून पुन्हा पू यायला लागला. डॉक्टरांना पुन्हा कोरावं लागलं. चांदणी आता तीन पायांवर उभी होती आणि खाणं सोडून भिंतीकडे तोंड करून होती.

मंजुश्री फाटका बूट घेऊन घरी आली आणि गोठ्यात जाऊन बसली. तिला कोणी बोललं नव्हतं. हबीबचाचा तर उलट तिलाच पाणी देत म्हणाले होते, "तुमी मनापासून केलं, ताई." तेच तिला सोसत नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचं तिनं सोजराबाईंना सांगितलं, तेव्हा मी पेटीतून ऐकत होतो. बूट फाटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीत ती तिकिटं फाडत होती. तिकिटाच्या मशीनला तोंडाशी बारीक दातांची पट्टी असते. कागद तिच्यावर ओढला की सरळ रेषेत टर्रकन फाटतो. तिकीट हातात धरून ती तशीच उभी राहिली.

एक आजोबा म्हणाले, "बाई, देता का पाहूनच राह्यता?"

"आत्याबाई," ती सांगत होती, "मी बुटाले शिवण नाई घातली. फाडाची जागा आखून देल्ली. जवळजवळ भोकं पाडली म्हणजे चामडं तिथूनच फाटनार नं! कापडात सुई धाग्यांमधून जाते, धागे पुन्हा जवळ येतात. चामड्याचं भोक बुजत नाई."

"मंग आता?"

"भोकं लांब लांब पायजेत. कडेपासून बी दूर. अन् हातानं, दोन सुयांनी."

पेटी उघडली. उजेड माझ्या डोळ्यांत गेला.

ती मला घेऊन गोठ्याकडे निघाली, तर सोजराबाई पायात चप्पल घालत होत्या. "चाल, मले घोडी पाहाची हाये पहिले."

तबेल्यात सोजराबाई चांदणीसमोर उभ्या राहिल्या. चांदणीनं मान वळवली नाही. तिच्या अंगावरून एक थरथर गेली, माशी बसल्यावर जाते तशी, पण माशी नव्हती. सोजराबाईंनी पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. घरी आल्यावर मंजुश्री सवयीनं मागच्या गोठ्याकडे वळली, तशा त्या म्हणाल्या, "गोठ्यात उजेड नाई. इथं बस, ओसरीत. देव्हारा तिकडं हाये, त्याचं तो पाहून घेईन."

मग आमचं काम सुरू झालं. मंजुश्रीनं बॅगेसाठी जपून ठेवलेलं म्हशीचं जाड कमावलेलं चामडं काढलं. या वेळी तळही जाडच, आणि तोही हातानं शिवायचा. मी रेघेवर उभा राहिलो. ठोका. चार खुणा. पुन्हा ठोका. जाड चामड्यात माझे दात रुतत आणि ती मला हलवून हलवून बाहेर काढी. पलीकडे सोजराबाई मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढून देत होत्या. एकदा त्यांनी हळूच चामडं नाकाशी नेलं.

"वास तं नव्या चपलेवानी येते," त्या म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

तळाच्या वळणावर चामड्याचे तीन थर एकत्र येत होते. मंजुश्रीनं जोरात ठोका दिला आणि माझ्या अंगातून कट्ट आवाज गेला. माझा कडेचा दात मोडून चामड्यातच राहिला.

माझ्या मनात आलं, संपलं. मंजुश्रीनं चिमट्यानं तो दात उपटला, तळहातावर घेऊन पाहिला आणि मला उजेडाकडे धरलं.

"मोडला वाटते," सोजराबाई म्हणाल्या.

"तीन हायेत नं अजून."

तीन दातांनी काम सावकाश होतं, पण होतं. संध्याकाळी बूट तयार झाला. टाके लांब, जाड, ओबडधोबड. व्हिडिओत दाखवावा असा तो नव्हताच. तळाला आणि शिवणीला तिनं मेण वितळवून चोळलं, पाणी भोकांतून आत जाऊ नये म्हणून.

चांदणीच्या पायात तो चढवल्यावर रोज कामावरून येताना मंजुश्री तबेल्यात डोकावू लागली. पहिल्या दिवशी शिवण धरून होती. दुसऱ्या दिवशीही. एका जागी चामडं घासून पांढरं पडलं तिथं तिनं आतून मऊ तुकडा लावला. डॉक्टर बूट काढून पट्टी बदलत आणि पुन्हा चढवत. एके दिवशी चांदणीनं कडब्याची पेंढी तोंडानं ओढली. हबीबचाचांनी ती बातमी अर्ध्या गावाला सांगितली.

पावसाळा सरला, सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली. खुराचं नवं नख खाली उतरत आलं आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "आज काढूनच टाकू."

मी त्या दिवशी मंजुश्रीच्या पिशवीत होतो, कापडात गुंडाळून, आरी आणि दोऱ्याबरोबर. गरज पडली तर जागेवरच दुरुस्ती करावी म्हणून तिनं आम्हाला आणलं होतं. तिनं कापड उलगडून आम्हाला एका खोक्यावर ठेवलं. सोजराबाईही आल्या होत्या. बिलाल गॅरेज सोडून आला होता.

बक्कल सुटलं. डॉक्टरांनी खूर हातात घेऊन पाहिला, वास घेतला, अंगठ्यानं दाबला. चांदणीनं पाय मागे ओढला नाही.

"कोरडा आहे. भरला आहे."

पण पाय खाली सोडला तरी चांदणी तो टेकवेना. ती तीन पायांवरच उभी राहिली. इतके महिने तिनं तो पाय जपला होता, आता त्यावर तिचा विश्वास नव्हता. बिलालनं दोरी ओढून पाहिली. तिनं मान ताठ केली.

"ओढू नको," हबीबचाचा म्हणाले.

त्यांनी दोरी तिच्या मानेवर टाकून दिली आणि ते दाराबाहेर, सिमेंटच्या रस्त्यावर चालू लागले. यावेळी सरळ, तिच्याकडे पाठ करून. एकदाही वळले नाहीत. आम्ही सगळे घोडीकडे बघत होतो. तिनं कान पुढे केले. त्यांची पाठ लांब जात होती.

टक्.

खूर सिमेंटवर टेकला. जरा थांबून दुसरं पाऊल पडलं. मग तिसरं. मंजुश्रीनं सोजराबाईंचा हात घट्ट धरला होता.

हबीबचाचा पुढे तोंड ठेवूनच थांबले.

"आली का रे, बिलाल?"

बिलालला उत्तर द्यावं लागलं नाही. चांदणीनं आपलं लांब तोंड हबीबचाचांच्या खांद्यावर ठेवलं होतं.

मित्रांनो, आज मी तीन दातांचा आहे आणि ओसरीतल्या कोनाड्यात राहतो. काम झालं की मंजुश्री मला पुसून तेलाचं बोट लावते, म्हणून मला गंज नाही. तुम्हीही आपल्या अवजारांना कोरडं ठेवा, त्यांची धार जपा, ती मोडली तर लगेच फेकू नका. आणि तुमच्या घरात एखादी वस्तू काही काम नसल्यामुळे पडून असेल, तर तिला एकदा हातात घ्या, उजेडात फिरवून बघा. तिला काय येतं ते ती सांगू शकत नाही. ते तुमच्या हातांनी तिला विचारावं लागतं.